संकटी देवाचा भरवसा

भाविक वाचकहो, देवावर विश्वास ठेवा, असे सांगणे फार सोपे आहे. घरात दाणागोटा आहे, मुलेबाळे धडधाकट आहेत, कोणाचे देणे नाही, अशा वेळी विश्वास ठेवावयास पदरचे काय मोडते? खरा प्रश्न पुढचाच आहे. संकट अंगावर आले, आणि तेही असे की आपले बळ, आपली बुद्धी, आपले गणगोत सारे त्यापुढे तोकडे पडले, तर त्या वेळी माणसाने देवाला काय म्हणावे? आणि देवाकडून कशाची आशा धरावी? या महिन्याच्या निरूपणास आम्ही हाच विषय घेतला आहे.

यासाठी आम्ही दाखला घेणार आहोत तो ख्रिस्ती भक्तीतला. कोणी म्हणेल, बुवा, आपल्या घरी काय कमी होते म्हणून शेजारी गेलात? अहो, कमी काहीच नाही. परंतु दुःख जात विचारून येत नाही, आणि दुःखात मारलेली हाक ज्याच्या कानी जाते तो ऐकणाराही जात विचारून ऐकत नाही. शेजारच्या घरी कोणी वादळात दिवा जपला असेल, तर तो कसा जपला हे पाहून यावे. त्यात आपल्या समईचे तेल कमी होत नाही.

प्रथम प्रभू येशू ख्रिस्ताच्या चरित्रातली एक गोष्ट पाहू. मार्काच्या शुभवर्तमानात ती आली आहे. दिवसभर लोकांस उपदेश करून येशू थकला होता. संध्याकाळ झाली तेव्हा त्याने शिष्यांस सांगितले की आपण पलीकडच्या तीरास जाऊ. गालीलचा समुद्र म्हणजे वास्तविक एक मोठे सरोवर. चहूकडे डोंगर, आणि त्या डोंगरांच्या घळींतून वारा एकाएकी खाली उतरतो. तसेच झाले. लाटा नावेवर आदळू लागल्या, नाव पाण्याने भरू लागली. आणि येशू काय करीत होता? मागच्या बाजूला उशीवर डोके ठेवून झोपला होता! शिष्यांनी त्याला जागे केले आणि विचारले की आम्ही बुडतो आहोत, याची तुला काहीच पर्वा नाही काय? तो उठला, वाऱ्याला दटावले, पाण्याला उगे राहावयास सांगितले, आणि सारे शांत झाले.

कथा लहान आहे, पण त्यातल्या तीन गोष्टी ध्यानी घ्याव्या.

पहिली गोष्ट ही की, ते शिष्य आपल्या मनाने निघाले नव्हते. त्याच्याच शब्दावरून निघाले होते. तरी वादळ आले. आपण काय करतो? संकट आले की पहिला प्रश्न विचारतो, माझे काय चुकले? देव माझ्यावर का कोपला? शेजारीपाजारीही लगेच हिशेब मांडतात, याने अमके केले म्हणून तमके भोगतो आहे. ईयोबाच्या पुस्तकात त्याच्या मित्रांनी हेच केले, आणि शेवटी देवाने दोष दिला तो ईयोबास नव्हे, त्या हिशेबी मित्रांस! वाट चुकली म्हणूनच वादळ येते असे नाही. सांगितलेल्या वाटेवरही वादळ येते. हे एवढे कळले तरी दुःखाच्या वर अपराधाचा जो दुसरा धोंडा आपण उरावर घेतो, तो उतरतो.

दुसरी गोष्ट ही की, तो त्याच नावेत होता. काठावर उभा राहून हातवारे करीत नव्हता. पाणी त्याच्याही अंगावर येत होते. ख्रिस्ती भक्तीचा गाभा म्हणाल तर हाच, की देव माणसाचे दुःख दुरून पाहात नाही, तो त्या दुःखात उतरतो.

तिसरी गोष्ट फार गोड आहे. शिष्यांनी जी हाक मारली ती काही नेटकी प्रार्थना नव्हती. ती चक्क तक्रार होती. तुला पर्वा नाही काय, असे गुरूला कोणी बोलतो का? पण येशूने ती हाक परत लावली नाही. आधी त्यांची नाव सावरली. तुमचा विश्वास कोठे गेला, हा प्रश्न मागाहून विचारला. तेव्हा वाचकहो, संकटात तोंडून सरळ शब्द निघत नसतील, कण्हणे आणि कुरकुर एवढेच निघत असेल, तर तेवढेच घेऊन जावे. रुसलेले लेकरू आईच्या पदराशीच रडते. ते रडते म्हणून आई त्याला परके म्हणत नाही.

येथे चतुर श्रोता आक्षेप घेईल. म्हणेल, बुवा, तुमच्या कथेतले वादळ शमले. आमचे शमत नाही त्याचे काय? आम्ही नवस केले, उपास केले, रात्र रात्र जागून प्रार्थना केली, तरी रोगी गेला, कर्ज राहिले, घर मोडले. मग भरवसा खोटा, की आम्ही खोटे?

हा आक्षेप खरा आहे. त्याला थातुरमातुर उत्तर देऊन आम्ही वाचकांची फसवणूक करणार नाही. प्रत्येक वादळ शमत नाही. ख्रिस्ती शास्त्र स्वतःच हे लपवीत नाही. दानिएलाच्या ग्रंथात तीन तरुणांची कथा आहे. नबुखद्नेस्सर राजाने सोन्याची मूर्ती उभारली आणि तिला दंडवत घालणार नाही त्यास धगधगत्या भट्टीत टाकण्याची आज्ञा केली. शद्रख, मेशख आणि अबेद्नगो यांनी राजाला सांगितले की आमचा देव आम्हांस सोडविण्यास समर्थ आहे. पण त्याने न सोडविले तरीही आम्ही तुझ्या मूर्तीपुढे वाकणार नाही. ते पुढे वाचले, ही गोष्ट निराळी. बोलताना त्यांना ते ठाऊक नव्हते. त्यांच्या बोलण्यातला तो ‘तरीही’ हाच भरवशाचा प्राण होय.

आणखी पाहा. पौल हा केवढा प्रेषित! त्याला देहात काही एक पीडा होती. तिला तो काटा म्हणतो. तो काढावा म्हणून त्याने तीन वेळा विनवणी केली. काटा निघाला नाही. माझी कृपा तुला पुरे, अशा आशयाचे उत्तर मिळाले. आणि खुद्द येशू? धरला जाण्याच्या रात्री गेथशेमाने बागेत तो भुईवर पडून विनवीत होता की होईल तर हा प्याला माझ्यापुढून टळो. तरी माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो. प्याला टळला नाही. दुसऱ्या दिवशी तो क्रुसावर होता.

मग भरवसा म्हणजे काय? मी मागतो ते देव देईलच, असा करार म्हणजे भरवसा नव्हे. तो बाजार झाला. माल मिळाला तर पैका, नाही तर दुसरे दुकान. भरवसा म्हणजे, मिळो न मिळो, ज्याच्या हाती मी आहे तो हात मला टाकणार नाही, ही खूण पटणे. बोलून ही खूण पटत नाही. म्हणून आता आम्ही एका चरित्राकडे वळतो. हे चरित्र आपल्याच महाराष्ट्रातले आहे, पंडिता रमाबाईंचे.

रमाबाईंचा जन्म सन १८५८ मधला. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. स्त्रियांस संस्कृत शिकवावे या मताचे, म्हणून त्यांनी आपल्या पत्नीस शिकविले, आणि मातेने रमेस शिकविले. हे कुटुंब तीर्थोतीर्थी हिंडत पुराण सांगून गुजराण करी. पुढे दक्षिणेत दुष्काळ पडला. होते नव्हते ते सरले. अंगमेहनतीची सवय नाही, भीक मागावयाची लाज. जंगलातला पाला खाऊन दिवस काढण्याची वेळ आली. थोड्याच महिन्यांत वडील गेले, आई गेली, थोरली बहीण गेली. वडिलांनी शेवटी लेकीला जवळ घेतले आणि सांगितले की मी तुला देवाच्या हाती दिले आहे, तू जन्मभर त्याचीच राहा. देऊन जावयास त्या बापाजवळ दुसरे काहीच उरले नव्हते. आईच्या मरणाच्या वेळी रमाबाईंनी शेजारच्या दारी जाऊन लाजत लाजत भाकरीचा तुकडा मागून आणला, पण आईच्याने तो खाववेना. खांदा द्यावयास माणसे पुरेनात. भाऊ श्रीनिवास आणि दोन ब्राह्मण मिळून तीन झाले, चौथा खांदा लेकीने दिला; ती उंचीने लहान, म्हणून तिला आपल्या वाट्याचा भार डोक्यावर घ्यावा लागला. वाचकहो, ज्याने आईची तिरडी डोक्यावर वाहिली, त्याला भार म्हणजे काय हे कोणी शिकवावयास नको.

पुढे दोघे भावंडे पायी देशभर हिंडली. पायांत वहाणा नाहीत, अंगावर पांघरूण नाही. पंजाबात झेलमच्या काठी एका रात्री थंडी सोसवेना, तेव्हा त्यांनी वाळूत दोन खड्डे खणले, त्यांत निजून मानेपर्यंत वाळू ओढून घेतली आणि रात्र काढली. सन १८७८ मध्ये ती कलकत्त्यास पोहोचली. तेथल्या पंडितांनी रमाबाईंची विद्वत्ता पाहून त्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. आता बरे दिवस आले म्हणावे, तो सन १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी विवाह झाला, मुलगी मनोरमा झाली, आणि सन १८८२ च्या आरंभी पटकीने पतीही गेले. वय अवघे तेवीस, कडेवर तान्हे मूल.

त्या पुण्यास आल्या, आर्य महिला समाज काढला, आणि सन १८८३ मध्ये शिक्षणासाठी इंग्लंडला गेल्या. तेथे वाँटेज गावी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. परंतु त्या घटनेने सारे स्वच्छ झाले असे त्यांनी कधी म्हटले नाही. सन १९०७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या साक्षीत त्यांनी मोकळेपणे लिहिले आहे की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण खुद्द ख्रिस्त लाभावयाचा होता. तो पुढे कित्येक वर्षांनी लाभला. हे आम्हांला फार मोलाचे वाटते. भरवसा एका दिवसात अंगी येत नाही. माळ गळ्यात घातली की माणूस वारकरी होतो, पण विठ्ठल अंगी मुरावयास किती वाऱ्या लागतात, हे ज्याचे त्याला ठाऊक!

सन १८८९ मध्ये रमाबाईंनी मुंबईस शारदासदन उघडले, विधवा आणि निराधार मुलींसाठी. पुढच्या वर्षी ते पुण्यास आले. परंतु सदनातल्या काही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेस बसतात, त्यांचा कल ख्रिस्ती धर्माकडे जातो, यावरून पुण्यात वादळ उठले. सन १८९३ मध्ये सल्लागार मंडळींनी आपला संबंध तोडला, आणि कित्येक पालकांनी मुली काढून नेल्या. दोन्ही बाजूंस आपापले म्हणणे होते; त्या वादात आज आम्हांस शिरावयाचे नाही. एवढेच पाहावयाचे की हाताने लावलेले झाड डोळ्यांपुढे झडत असता या बाईने काम सोडले नाही. केडगावास सुमारे १०० एकर जमीन घेतली, विहिरी खणविल्या, झाडे लावली. सदनाला फळबागेचे उत्पन्न व्हावे, एवढाच तेव्हा हेतू.

सन १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. बातमी कानी आली तेव्हा रमाबाईंना आपला दुष्काळ आठवला. हाती पैसा नव्हता. असलेल्या मुलींचेच भागवताना ओढाताण होती. व्यवहार म्हणे, थांब. परंतु वाळूच्या खड्ड्यातली ती रात्र थांबू देईना. त्या गेल्या आणि उपासाने हाडे निघालेल्या मुली व विधवा, तीनशेच्या आसपास, आणल्या. त्याच सुमारास पुण्यात प्लेग, आणि शहरात इतक्या जणींस ठेवण्यास सरकारची मनाई. मग त्यांना कोठे न्यावे? केडगावच्या त्या माळावर! तेथे घर नाही, छप्पर नाही. तंबू आणि झोपड्या टाकून संसार मांडला. तेच मुक्तिसदन. सन १८९९-१९०० मध्ये गुजरातेत दुष्काळ पडला तेव्हा तेथली वस्ती दीड-दोन हजारांच्या घरात गेली. शेती, विणकाम, शिक्षण, छापखाना, आंधळ्यांची शाळा, सारे तेथे उभे राहिले. केडगावास ते काम आजही चालू आहे.

पाहा, फळबागेसाठी म्हणून खणलेल्या विहिरी दुष्काळाने जाळलेल्या मुलींस पाणी पाजण्याच्या कामी आल्या. वादळ चालू असता माणसाने जे लहानसे कर्तव्य केले, देवाने ते कोठच्या कोठे नेऊन लावले. विहीर खणताना बाईंना हे ठाऊक नव्हते. आपल्यालाही ठाऊक नसते.

पण कथा येथे थांबविली तर आम्ही अर्धेच सांगितले असे होईल. तो आक्षेप घेणारा श्रोता अजून समोर बसला आहे. रमाबाईंना ऐकू येणे पुढे पुढे फार कमी झाले. उतारवयात त्यांनी हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकून सबंध बायबलाचे सोप्या मराठीत भाषांतर हाती घेतले, अडाणी बायाबापड्यांना कळावे म्हणून. हे ओझे डोक्यावर असता सन १९२१ च्या जुलैत मनोरमाबाई वारल्या. एकुलती एक मुलगी, आईचा उजवा हात; आपल्यामागे हीच काम पाहील असे आईने धरले होते. चाळिशीत गेली. तिच्यासाठी आईने प्रार्थना केली नसेल काय? तो प्याला टळला नाही. दुष्काळातून वाचलेल्या बाईला म्हातारपणी पुन्हा तेच दुःख आले, जे वाळूच्या खड्ड्यात निजण्याहून थंड असते.

आणि त्या काय करतात? भाषांतराचे काम पुढे चालविले. मुद्रिते तपासली. सन १९२२ च्या ५ एप्रिलला त्यांनी देह ठेवला. त्यांचे बायबल पुरे छापून निघाले ते मागाहून, सन १९२४ मध्ये. बापाने मरताना जे सांगितले होते, मी तुला देवाच्या हाती दिले आहे, ते त्यांनी सुखातही धरले आणि कन्येच्या शोकातही धरले. हाच तो ‘तरीही’.

या चरित्रातून आम्ही काय घ्यावे? एक, भरवसा म्हणजे हात जोडून बसणे नव्हे. भार देवावर टाकावा, पाऊल मात्र आपणच उचलावे. दुसरे, उद्याचा सारा डोंगर आज डोक्यावर घेऊ नये. आज एक विहीर खणता आली तर एक खणावी. तिसरे, आपल्या दुःखाला दुसऱ्याच्या दुःखाची वाट दाखवावी. भूक सोसलेलीलाच भुकेल्या मुली दिसल्या. चौथे, तिरडीला चार खांदे लागतात. संकटात असलेल्या माणसास नुसता उपदेश पाठवू नये, आपला खांदा द्यावा.

शेवटी, आम्ही डोळ्यांनी पाहिलेले सांगतो आणि पुरे करतो. आमच्या पेठेत एक ख्रिस्ती मास्तर राहात. कर्ता मुलगा आजाराने गेला, आणि त्या धक्क्याने की काय, वर्षाच्या आत त्यांच्या मंडळींचे एक अंग लुळे पडले. आम्ही संध्याकाळी सहज गेलो होतो. मास्तर बशीत चहा निववून त्यांना घोट घोट पाजीत होते. मग तोंड पुसले, कंदील जवळ ओढला आणि शास्त्रातला उतारा वाचून दाखविला. आम्हांस राहवेना. आम्ही विचारले, “मास्तर, खरं सांगा, देवाचा राग येत नाही?”

मास्तर म्हणाले, “येतो की, बुवा. रोज येतो. पण राग काढायला तरी जायचं कुणाकडं? त्याच्याच दारात जातो आणि त्यालाच बोलतो.”

“आणि मागता काय?”

“हिला उठव, एवढंच मागतो. अजून मागतो. पण त्याच्याखाली आता एक ओळ वाढवली आहे. नाहीच उठवलंस, तर आजचा दिवस आमच्याबरोबर बस.”

त्या बाईंना बोलता येत नव्हते. पण मास्तर हे बोलले तेव्हा त्यांनी चांगला असलेला हात हळूच सरकविला आणि नवऱ्याच्या हातावर ठेवला. आम्ही तेथून उठलो ते गप्पच. शंभर कीर्तने केली असतील, पण त्या खोलीत आम्ही श्रोते होतो.

वाचकहो, तुमच्यापैकी कोणाच्या नावेत या घडीला पाणी शिरले असेल. तुमचे वादळ उद्या शमेल असे आम्ही सांगत नाही. ते आमच्या हाती नाही. परंतु हाक मारणे तुमच्या हाती आहे. ती वेडीवाकडी असली तरी चालेल, रागाची असली तरी चालेल. हाक मारा, आणि आज जे एक काम समोर आहे ते करा. नावेत तुम्ही एकटे नाही.

मागणे एवढेच, की सर्व दुःखितांस त्या सोबतीची खूण पटो, आणि ज्यांना ती पटली त्यांच्या हातून दुसऱ्याच्या तिरडीला खांदा व भुकेल्याला घास मिळो.